उंटाच्या कातड्याचे जोडे आणि संरक्षण खातं

मे २००२. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सुरू झालेल्या 'पराक्रम' मोहिमेत भारत-पाकिस्तानची सैन्यं सरहद्दीवर समोरासमोर उभी होती. त्याच महिन्यात पुण्याची एक बातमी जगभर वाचली गेली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या युद्धोपयोगी कृती आजच्या सैनिकाच्या कितपत कामी येतील, याचा शोध पुणे विद्यापीठातले संशोधक आणि संरक्षण संशोधन व विकास संघटना, म्हणजे डीआरडीओ, मिळून घेणार होते. तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यासाठी निधी मंजूर केला होता.

या कृती अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणात आहेत. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे आणि त्यांच्या मराठी भाषांतरामुळे हा भाग कुणालाही वाचता येतो. त्यानुसार घुबडाची आणि गिधाडाची चरबी उंटाच्या कातड्याच्या जोड्यांना चोपडून वर वडाची पानं लावली, तर माणूस न थकता पन्नास योजनं चालतो. रानडुकराचा डोळा, काजवा आणि वनस्पती यांचं अंजन घातलं, तर रात्री दिसतं. शिरीष, उंबर आणि शमी यांचं चूर्ण तुपातून घेतलं, तर पंधरा दिवस उपाशी राहता येतं. दुसऱ्या एका कृतीने महिना निघतो.

बातमी वाचून काही जण हसले, काहींची छाती फुगली. मला दोन्ही प्रतिसाद अपुरे वाटतात. हसणाऱ्यांनी पाहिलं नाही की अमेरिका, रशिया, ब्रिटन, जर्मनी या देशांनीही याहून अद्भुत गोष्टींवर सैन्याचा पैसा घातला आहे. अभिमान वाटणाऱ्यांनी विचारलं नाही की कृती खोटी निघाली तर ते कुणाला, कधी आणि कसं कळणार. पै-पैचा हिशेब काटेकोर मागणारी सरकारं अशा संशोधनासाठी तिजोरी का उघडतात, हा प्रश्न खानदेशातल्या माणसाने विचारण्यासारखा आहे. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ पासून आणि वरणगावची १९६४ पासून इथे आहे. सैन्याचा पैसा कसा खर्च होतो हे इथल्या कित्येक घरांनी पगाराच्या रूपाने अनुभवलेलं आहे.

पहिलं कारण इतिहासातच आहे. वेडगळ वाटलेल्या कल्पना कधीकधी खऱ्या निघतात. १९३३ मध्ये रदरफर्डसारख्या शास्त्रज्ञाने अणूतून ऊर्जा मिळवण्याची भाषा ही निव्वळ कल्पनाविलास ठरवली होती. बारा वर्षांत हिरोशिमा झालं. त्याहून बोलका दाखला रडारचा आहे. १९३० च्या दशकात 'मृत्युकिरणां'च्या अफवांनी ब्रिटनचं हवाई खातं हैराण होतं. शंभर यार्डांवरून एक मेंढी मारून दाखवणाऱ्याला हजार पौंडांचं बक्षीस ठेवलं होतं. ते कुणालाच मिळालं नाही. अखेर रॉबर्ट वॉटसन-वॉट यांना विचारणा झाली. त्यांचे सहकारी आर्नोल्ड विल्किन्स यांनी गणित मांडून दाखवलं की रेडिओलहरींनी वैमानिकाला इजा करण्याइतकी शक्ती लांबवर पोचवणं अशक्य आहे. मात्र विमानावर आपटून परतलेल्या लहरी पकडता येतील. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळ एका बॉम्बफेकी विमानाचा माग लागला, आणि पाच वर्षांनी इंग्लंड त्या शोधाच्या आधाराने वाचलं. ही गोष्ट प्रत्येक देशाच्या संरक्षण खात्याला पाठ असते. मृत्युकिरण हाती लागले नाहीत तरी वाटेत काहीतरी सापडेल, या आशेला तिने बळ दिलं. पण गोष्टीतला निम्मा भाग बहुधा गाळला जातो. विल्किन्स यांनी आधी आकडेमोड केली होती. मृत्युकिरणांचा नाद कागदावरच संपला, म्हणून पैसा आणि वेळ रडारकडे वळला.

आपल्याकडचं उदाहरण नंदुरबारच्या मिरची बाजारात काम करणाऱ्यांना लगेच पटेल. तेजपूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने ईशान्येकडची भूत जोलोकिया मिरची वापरून जमाव पांगवण्याचा हातगोळा करायला घेतला, तेव्हा अनेकांना गंमत वाटली. पण मिरचीचा तिखटपणा मोजता येतो, कॅप्सेसिन हे ज्ञात रसायन आहे, डोळ्यांवर आणि श्वासावर त्याचा परिणाम काय होतो हे माहीत आहे. कल्पना ऐकायला विचित्र आणि शास्त्राच्या दृष्टीने सरळ होती. विचित्रपणा आणि खोटेपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. पैसा देणाऱ्या अधिकाऱ्याला हा भेद ओळखता आला पाहिजे, आणि ओळखण्याचं साधन चाचणीखेरीज दुसरं नाही.

दुसरं कारण भीतीचं आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत प्रबळ तेच. १९५९-६० च्या सुमारास फ्रान्समधल्या मासिकांत छापून आलं की अमेरिकेच्या 'नॉटिलस' या अणुपाणबुडीवर समुद्राखालून किनाऱ्यापर्यंत मनाने संदेश पाठवण्याचे प्रयोग यशस्वी झाले. अमेरिकी नौदलाने इन्कार केला. पण लेनिनग्राडचे शरीरशास्त्रज्ञ लिओनिद वासिल्येव यांनी तीच बातमी पुढे करून सोव्हिएत सरकारकडून दूरसंवेदनाच्या संशोधनाला मान्यता मिळवली. मग १९७० मध्ये अमेरिकेत एक पुस्तक गाजलं: सोव्हिएत देश मनाच्या शक्तींवर किती पुढे गेले आहेत, याबद्दलचं. त्यावर अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात खळबळ उडाली आणि १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रसेल टार्ग आणि हॅरल्ड पुटहॉफ या दोन भौतिकशास्त्रज्ञांना पैसा मिळाला. फ्रान्समधल्या एका निराधार बातमीने रशियाला घाबरवलं आणि रशियाच्या घबराटीने अमेरिकेला. दोन महासत्तांच्या प्रयोगशाळा एकमेकींच्या सावलीवर चालू राहिल्या.

स्टॅनफर्डच्या प्रयोगात काही माणसं खोलीत बसून हजारो मैलांवरच्या जागेचं वर्णन करत. त्याला 'दूरदर्शना'सारखं नाव होतं. १९७४ मध्ये पॅट प्राइस या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कझाकस्तानातल्या सेमिपालातिन्स्कजवळच्या गुप्त तळावरच्या एका प्रचंड क्रेनचं चित्र काढलं. ते उपग्रहाच्या छायाचित्रातल्या क्रेनशी आश्चर्यकारक जुळत होतं. त्याच बैठकीत त्याने सांगितलेल्या इतर अनेक गोष्टी तळावर नव्हत्या. अधिकाऱ्यांच्या लक्षात क्रेन राहिली. हा कार्यक्रम नाव बदलत बदलत, शेवटी 'स्टार गेट' म्हणून, १९९५ पर्यंत चालला. एकूण खर्च सुमारे दोन कोटी डॉलर. बंद करताना जेसिका उट्स आणि रे हायमन यांच्याकडून परीक्षण करून घेतलं गेलं. उट्स यांना प्रयोगशाळेतल्या आकड्यांत काही दखलपात्र वाटलं, हायमन यांना नाही. पण या माहितीच्या आधारे गुप्तचर खात्याची एकही प्रत्यक्ष कारवाई झाली नव्हती, असं त्या अहवालात निघालं. वीस वर्षं हा प्रश्न विचारायचा राहिला होता.

दोन कोटी डॉलर म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खर्चात नगण्य रक्कम. यातच तिसरं कारण आहे. मोठ्या अर्थसंकल्पात लहान पैसा दिसत नाही. डीआरडीओला २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात २६ हजार ८१६ कोटी रुपये दाखवले आहेत. त्यात काही लाखांचा प्रकल्प कुणाच्या नजरेत भरणार नाही. शिवाय हिशेब असा मांडला जातो की यशाची शक्यता लाखात एक असली, तरी यश मिळालंच तर युद्ध जिंकू. हे गणित ऐकायला बिनतोड वाटतं. त्यात एक गोष्ट धरलेली नसते: लाखात एक ही शक्यता कुणी मोजली? ज्या दाव्यामागे काहीच नाही, त्याची शक्यता शून्य असू शकते, आणि शून्याला कितीही मोठ्या लाभाने गुणलं तरी शून्यच राहतं.

खानदेशाकडे येताना मला आठ शतकं मागे जावं लागतं. चाळीसगावजवळच्या पाटणला, आजच्या पाटणादेवी परिसरात, शके ११२८ चा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारातला मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला, आणि इथले निकुंभ वंशातले राजे सोइदेव आणि हेमाडिदेव यांनी त्याला उत्पन्न लावून दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे: बाजारात येणाऱ्या मालावरचं राजाचं येणं मठाला द्यावं, तेल्याच्या घाण्यामागे ठरावीक तेल द्यावं, असे त्यात तपशील आहेत. याच लेखातून कळतं की भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने याच गावातून आपल्या दरबारी नेलं होतं.

यादवांना ज्योतिषी कशासाठी हवे होते? पंचांग, ग्रहणं, कर, शेतीचे दिवस यांसाठी तर हवेच; पण स्वारीच्या मुहूर्तासाठीही. वराहमिहिराने राजाच्या युद्धप्रयाणावर 'योगयात्रा' नावाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्या काळी गणित आणि फलज्योतिष हे एकाच माणसाचे दोन हात होते. राजा मुहूर्तासाठी पैसा देत असे आणि त्याच पैशावर लीलावती, बीजगणित, ग्रहगणित शिकवलं जात असे. युरोपातही तेच घडलं. १६२८ मध्ये सेनापती वालेनस्टाइनने केपलरला पदरी ठेवलं ते पत्रिकांसाठी. केपलरला त्या आश्रयात स्वतःचं गणित पुढे न्यायचं होतं. म्हणून अप्रमाण विद्येला मिळणारा राजाश्रय सगळा वायाच जातो असं मी म्हणणार नाही. पाटणच्या मठाने खरं ज्ञान जपलं. आणि ते दान दगडावर कोरलेलं होतं: कुणी दिलं, किती दिलं, कशासाठी दिलं, हे पेठेत येणाऱ्या कुणालाही वाचता येईल असं.

भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीच्या यंत्राध्यायात आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचं वर्णन केलं आहे: हलक्या लाकडाचं चाक, पोकळ आरे, आऱ्यांत अर्धवट भरलेला पारा. असं चाक फिरत राहत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम एकोणिसाव्या शतकात स्पष्ट झाला आणि प्रश्न मिटला. भास्कराचार्यांना तो नियम माहीत असणं शक्य नव्हतं. पण २०१८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, दारपाने, इंधन न सोडता पुढे ढकलणाऱ्या इंजिनाशी जोडलेल्या एका सिद्धान्तासाठी ब्रिटनच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकाला तेरा लाख डॉलर दिले. या प्रकारच्या इंजिनाची ड्रेस्डेन तांत्रिक विद्यापीठात बारकाईने चाचणी झाली आणि २०२१ मध्ये निकाल आला: दिसत होता तो रेटा उष्णतेचा आणि उपकरणाच्या बांधणीचा भास होता. हा प्रयोग मला आवडतो, कारण त्याने वाद संपवला. असं प्रत्येक वेळी होत नाही. १९९८ मध्ये टेक्ससमधल्या एका गटाने दातांच्या क्ष-किरण यंत्राने हाफ्नियम या धातूच्या विशिष्ट अणुकेंद्रातली प्रचंड ऊर्जा मोकळी केल्याचा दावा केला. २००१ मध्ये आरगॉन प्रयोगशाळेत कितीतरी प्रखर क्ष-किरण वापरून काहीच निघालं नाही. तरी त्यानंतर काही वर्षं हाफ्नियम बॉम्बच्या नावाने पैसा मिळत राहिला. प्रतिकूल निकाल आला तर थांबायचं, असं आधी ठरलेलं नव्हतं.

आता आपल्या ओळखीच्या विद्येकडे येऊ. विहीर किंवा बोअर घेण्याआधी पाणाड्याला बोलावणं खानदेशात आजही चालतं. कुणी तळहातावर नारळ धरतो, कुणी झाडाची दुबेळकी फांदी, कुणी तांब्याची तार. ही विद्या सरकारदरबारीही पोचली होती: १९२० च्या दशकात मुंबई इलाख्यात मेजर पॉगसन नावाचे इंग्रज अधिकारी सरकारी पाणाडी म्हणून विहिरींच्या जागा दाखवत हिंडत होते. तिथून सैन्यापर्यंतचं अंतर फार नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलाने बर्लिनमध्ये नकाशावर लंबक फिरवून शत्रूची जहाजं शोधू पाहणाऱ्यांना बसवलं होतं. १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये काही अमेरिकी मरीन सैनिक वाकवलेल्या तारा हातात धरून भुयारं आणि पेरलेले सुरुंग शोधत होते.

पाणाड्याची कीर्ती कशी टिकते हे कळायला तापीकाठची जमीन पाहावी. यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, डोंगरातून वाहून आलेल्या गाळाचे, वाळूचे आणि गोट्यांचे जाड थर आहेत. अशा जमिनीत पुरेसं खोल गेलं की बहुतेक ठिकाणी पाणी लागायचं. बेसुमार उपशाने आता पातळी खाली गेली ती गोष्ट निराळी. साक्री-शिंदखेड्याकडच्या काळ्या पाषाणात तसं नाही. तिथे पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात असतं, दोन बोअर शेजारी असून एक भरलेला आणि एक कोरडा निघतो. म्हणजे पाणाड्याने जागा दाखवली नसती तर किती बोअरना पाणी लागलं असतं, हे माहीत असल्याशिवाय त्याच्या यशाला अर्थ नाही. पट्ट्यात दहांपैकी नऊ वेळा पाणी लागलं, तर श्रेय गाळाच्या थरांचं आहे. जर्मन सरकारने ऐंशीच्या दशकात म्युनिकजवळ एका कोठारात हाच प्रयोग केला: खाली पाण्याची नळी सरकवायची, वरच्या मजल्यावरून पाणाड्याने जागा सांगायची. शेकडो पाणाड्यांतून निवडलेल्या ४३ जणांच्या ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोगकर्त्यांना त्यात काही असाधारण माणसं दिसली. पण १९९५ मध्ये जिम एनराइट या अभ्यासकाने तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा नशिबापलीकडे त्यात काही उरलं नाही.

कोठारात कुणाचं नुकसान झालं नाही. इराकमध्ये झालं. 'एडीई ६५१' नावाचं, मुठीला आकाशवाणीच्या एरियलसारखी दांडी लावलेलं एक उपकरण बॉम्ब शोधणारं यंत्र म्हणून तिथल्या सरकारने कोट्यवधी डॉलर देऊन घेतलं. आत चालणारं काहीही नव्हतं. बगदादच्या नाक्यांवर सैनिक ते हातात धरून गाड्या तपासत. नाक्यावरून जाणाऱ्या गाड्यांपैकी जवळजवळ सगळ्यांत बॉम्ब नसतो, त्यामुळे 'काही नाही' असं दाखवणारं कुठलंही खोटं यंत्र बहुतांश वेळा बरोबरच ठरतं. जी गाडी चुकते, तिची किंमत माणसं मोजतात. २५ ऑक्टोबर २००९ रोजी बगदादमध्ये सरकारी इमारतींवरच्या बॉम्बस्फोटांत दीडशेहून अधिक लोक मेले, आणि असा माल शहराच्या नाक्यांतून आत येतो कसा, हा प्रश्न तिथे रस्त्यावर विचारला जाऊ लागला. यंत्र विकणारा ब्रिटिश व्यापारी जेम्स मॅकॉर्मिक याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. अद्भुताचा खर्च नगण्य असतो, असं म्हणणाऱ्याने हा दिवस आठवावा. अमेरिकेच्या गुप्तचर खात्याचा 'एमके-अल्ट्रा' कार्यक्रमही आठवावा. १९५३ पासून वीस वर्षं, मनावर ताबा मिळवण्याच्या आशेने, माणसांना त्यांच्या नकळत एलएसडी दिलं गेलं, आणि १९७३ मध्ये खातेप्रमुखांच्या आदेशाने बहुतेक कागद नष्ट झाले.

वरणगावच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाशी बोललं की सैन्यातच या दुखण्याचा उपचार आहे हे लक्षात येतं. काडतुसं लॉटने तयार होतात. लॉटमधून नमुने काढून प्रत्यक्ष डागले जातात. वेग, दाब, अचूकता मोजली जाते. मर्यादेबाहेर गेलं की लॉट नापास. कारखान्याचं नाव किती मोठं, फोरमन किती अनुभवी, हे तिथे विचारात घेतलं जात नाही. काय झालं म्हणजे नापास, हे डागण्याआधी ठरलेलं असतं. गोळीबाबत इतकी शिस्त पाळणारं तेच संरक्षण खातं गोळीच्या जागी मंत्र, उपवास किंवा प्राचीन कृती समोर आली की ही शिस्त बाजूला का ठेवतं?

उपवासाचंच घ्या. २०१० मध्ये अहमदाबादच्या स्टर्लिंग रुग्णालयात प्रल्हाद जानी या वृद्ध साधूला पंधरा दिवस निरीक्षणाखाली ठेवलं. आपण कित्येक दशकं अन्नपाण्याशिवाय जगतो, असा त्यांचा दावा. निरीक्षणात डीआरडीओची दिल्लीची शरीरक्रियाविज्ञान प्रयोगशाळा, डिपास, सहभागी होती; हे गूढ उलगडलं तर दुर्गम भागात अडकलेले सैनिक आणि आपत्तीत सापडलेली माणसं यांना उपयोग होईल, असं सांगण्यात आलं. कौटिल्याच्या पंधरा दिवसांच्या क्षुधायोगामागचा हेतूही अगदी हाच. सियाचीनमध्ये उभ्या असलेल्या जवानाची काळजी त्यात आहे, आणि ती काळजी खरी आहे. म्हणूनच चाचणी कच्ची ठेवणं मला जास्त खटकतं. जानींना त्या काळात गुळण्या करू दिल्या, आंघोळ करू दिली, असं सनल एडमरुकू यांच्यासारख्या टीकाकारांनी दाखवून दिलं. तज्ज्ञांच्या छाननीतून गेलेला शोधनिबंध त्यातून आला नाही. जानी २०२० मध्ये वारले.

चौथं कारण राजकीय आहे आणि ते मी थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना दिसतं. २००८ ते २०१२ या काळात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने अनोळखी उडत्या वस्तूंच्या अभ्यासावर दोन कोटी वीस लाख डॉलर खर्चले ते सिनेटर हॅरी रीड यांच्या आग्रहाने. आपल्याकडे आग्रह अभिमानाच्या वाटेने येतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईत विमान उडवल्याची कथा आणि 'वैमानिकशास्त्र' हा ग्रंथ वारंवार पुढे केला जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्येच दाखवलं की तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली यंत्रं उडण्याजोगी नाहीत. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान परिषदेत त्याच विमानांवर व्याख्यान झालं. पूर्वजांच्या बुद्धीचा अभिमान मलाही आहे. तो पाटणच्या मठात शिकवल्या गेलेल्या गणिताचा आहे.

कौटिल्य स्वतः या बाबतीत भाबडा नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे. तेराव्या अधिकरणात, किल्ले जिंकण्याच्या उपायांत, तो सांगतो की राजाने आपण सर्वज्ञ आहोत आणि देव आपल्याशी बोलतात अशी ख्याती पसरवावी; त्याने आपल्या माणसांना हुरूप येतो आणि शत्रू बिथरतो. त्यासाठी हेर कुठे लपवायचे, आवाज कुठून काढायचा, याच्या युक्त्याही तो देतो. अद्भुताचा लष्करी उपयोग समोरच्याच्या विश्वासात असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी लुई द वोल या ज्योतिषाला हाताशी धरलं ते मुख्यतः याच कारणाने: हिटलरच्या पराभवाची भाकितं अमेरिकेत आणि जर्मनीत पसरवण्यासाठी. धोका तेव्हा सुरू होतो, जेव्हा आपल्या किंवा शत्रूच्या अफवेवर आपलंच संशोधन खातं विश्वास ठेवू लागतं. नॉटिलसच्या बातमीनंतर नेमकं तेच झालं.

महाराष्ट्राने चाचणी कशी असावी याचा नमुना घालून दिला आहे. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये पुण्यात फलज्योतिषाची परीक्षा घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं यांच्या जन्मवेळांवरून पत्रिका केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास आले असते. निकाल 'करंट सायन्स'मध्ये छापला गेला. खर्च किरकोळ, नियम आधी जाहीर, उत्तरपत्रिका तिसऱ्याच्या ताब्यात. उंटाच्या जोड्यांची चाचणी याहून सोपी आहे: दोनशे जवान, निम्म्यांना त्या कृतीने माखलेले जोडे, निम्म्यांना तसेच दिसणारे साधे, कुणाचे कुठले हे चालणाऱ्यालाही माहीत नाही आणि वेळ नोंदवणाऱ्यालाही नाही. एका आठवड्यात उत्तर मिळेल. घुबड आणि गिधाड हे संरक्षित पक्षी आहेत, त्यामुळे चरबी आणायची कुठून, हा प्रश्न मात्र त्याआधी सोडवावा लागेल.

पाऊस पाडण्याच्या विद्येचा प्रवास याच दृष्टीने आशादायक वाटतो. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेने व्हिएतनाममध्ये शत्रूच्या वाटा चिखलात बुडवण्यासाठी ढगांवर रसायनं फवारली. त्यानंतर हवामानाचा शस्त्र म्हणून वापर रोखणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि भारत त्यात सामील आहे. आपल्या राज्यात २००३ पासून दुष्काळात कृत्रिम पावसाचे प्रयोग सरकार करत आलं, आणि यशाची मोजणी बहुधा 'पाऊस पडला' एवढ्यावर थांबली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरला वेगळी वाट धरली: २०१८-१९ मध्ये २७६ ढग निवडून, चिठ्ठी काढल्यासारखं काहींवर फवारणी केली, काही तसेच सोडले, आणि मग तुलना केली. वाऱ्याच्या दिशेच्या शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे १८ टक्के जास्त पाऊस आढळला. आकडा लहान आहे, पण तो वादात टिकतो. युद्धखात्यात वाढलेली विद्या उघड्या चाचणीत आली, तेव्हा शेतकऱ्याला तिचं नेमकं मोल कळलं. धुळे-जळगावच्या अवर्षणप्रवण तालुक्यांसाठी हाच आकडा धोरणाचा आधार व्हावा.

उरतो गुप्ततेचा प्रश्न. शस्त्रं गुप्त ठेवावी लागतात, हे भुसावळ-वरणगावच्या वसाहतींत वाढलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. पण जे शस्त्र चालतच नाही, त्याची गुप्तता शत्रूपासून काय वाचवते? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नुसार डीआरडीओ दुसऱ्या अनुसूचीत आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन वगळता तिची माहिती नागरिकाला मागता येत नाही. अमेरिकेने स्टार गेटची कागदपत्रं खुली केली, आणि जानेवारी २०१७ पासून गुप्तचर खात्याची सव्वा कोटीच्या आसपास पानं इंटरनेटवर आहेत. चाळीसगावात बसून पॅट प्राइसने काढलेलं क्रेनचं चित्र पाहता येतं, त्याच्या चुकाही वाचता येतात. आपल्या संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती दरवर्षी अनुदानाच्या मागण्यांवर अहवाल मांडते. त्यात बंद झालेल्या आणि वादग्रस्त प्रकल्पांचं एक प्रकरण असावं: दावा काय होता, चाचणी कशी ठरली होती, पैसा किती गेला, निकाल काय लागला. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. जळगाव, रावेर आणि धुळे इथून निवडून जाणाऱ्या खासदारांना तो प्रश्न पुढच्या अधिवेशनातही विचारता येईल.